तान्ह्या बाळाला झोपवताना: किती कपडे, किती पांघरूण, किती वारा

बाळ मे महिन्यातलं असो की डिसेंबरातलं, दवाखान्यातून घरी नेताना आपल्याकडे पिशवी एकच भरलेली असते. टोपडं, कुंची, दोन-तीन दुपटी, हातमोजे, पायमोजे आणि वरून कुणीतरी हौसेने आणलेलं जाड ब्लँकेट. बाहेर ४२ अंशांचं ऊन असलं तरी हे सगळं बाळाच्या अंगावर चढतं. मी बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका आहे. घरी जायच्या दिवशी आयांच्या प्रश्नांत ‘दूध पुरतंय का’च्या खालोखाल हाच प्रश्न असतो: रात्री याला थंडी वाजत असेल का, उकडत असेल का, आणि ते मला कळणार कसं?

ते कळतं, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हाताचा उपयोग कसा करायचा, खोली कशी ठेवायची, कपडे कधी वाढवायचे आणि कधी काढायचे, एवढं शिकलं की पुरे. पहिलंच बाळ असलेल्या आईबाबांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या आजी-आजोबांसाठी क्रमाने लिहिते.

आधी बाळाचं अंग समजून घ्या

वजनाच्या मानाने बघितलं तर तान्ह्या बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट असते. जेवढी त्वचा जास्त, तेवढी अंगातली ऊब लवकर बाहेर जाते. त्यात शरीराच्या मानाने डोकं मोठं, केस विरळ आणि कातडीखाली चरबी कमी. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला तेही जमत नाही. त्याच्याजवळ मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एका खास तपकिरी चरबीचा साठा असतो. गारठा लागला की शरीर ती चरबी जाळून ऊब करतं. पण त्यासाठी दूध लागतं, प्राणवायू लागतो, साखर खर्च होते. म्हणून गार पडलेलं बाळ आधी मलूल होतं, मग दूध ओढेनासं होतं, आणि दूध न गेल्याने आणखी गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत हा साठा फारच तुटपुंजा असतो.

उकाड्याचंही तसंच. बाळाला मोठ्या माणसासारखा भरपूर घाम येत नाही, त्यामुळे ‘घाम नाही, म्हणजे गरम होत नसेल’ हा हिशेब चुकतो. नको असलेलं पांघरूण त्याला लाथाडता येत नाही, आणि अंगातली जास्तीची ऊब बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य वाट उरते ती डोक्याची आणि चेहऱ्याची. तीच आपण टोपडं आणि कुंची घालून बंद करतो.

पहिले काही दिवस, आणि लहान चणीच्या बाळाला पहिले काही आठवडे, गारठ्याची भीती जास्त. एकदा बाळ नीट दूध पिऊन वजन धरू लागलं की आपल्या हवेत आणि आपल्या घरांत भीती जास्त कपड्यांची. एक वर्षाच्या आतल्या बाळांत झोपेत अचानक होणारे मृत्यू २ ते ४ महिन्यांच्या वयात सर्वात जास्त आढळतात. पोटावर झोपवणं, घरातला सिगारेट-विडीचा धूर आणि मऊ गाद्या-उशा यांच्याबरोबर बाळाचं अंग जास्त तापणं हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. झोपवण्याच्या साध्या सवयी बदलून एवढा फरक पडतो, म्हणूनच मी प्रत्येक आईच्या मागे लागते.

पहिलं काम: हात लावून बघायला शिका

नुसते हाताचे तळवे आणि पाऊलं बघून ठरवू नका. तान्ह्या बाळाचे हातपाय बरेचदा गारच लागतात, पहिल्या काही दिवसांत थोडे निळसरही दिसतात. हात गार लागला म्हणून आजी आणखी एक दुपटं गुंडाळते, आणि आत बाळाची पाठ घामाने भिजलेली असते.

आपला हात आधी कोरडा आणि कोमट करा. मग हाताची मागची बाजू बाळाच्या मानेवर मागून लावा. नंतर झबल्याखाली हात घालून छाती आणि पोट बघा, आणि शेवटी पाऊलं. पोट आणि पाऊलं दोन्ही कोमट, रंग गुलाबी, तर सगळं ठीक. पोट कोमट पण पाऊलं चांगलीच गार, तर बाळ गारठायला लागलंय, एक थर वाढवा आणि पाजायला घ्या. पोट आणि पाऊलं दोन्ही गार, तर हे धोक्याचं आहे. बाळाला लगेच उघड्या छातीशी घ्या आणि दवाखाना गाठा. मान चिकट, केस ओले, गाल लालबुंद, छाती तापलेली आणि श्वास भरभर, तर कपडे जास्त झालेत.

ही तपासणी दर वेळी पाजताना करा. रात्री मुद्दाम उठून करायची गरज नाही, बाळ तुम्हाला उठवतंच. आठवडाभरात बोटांना सवय होते.

जोडीला एक डिजिटल थर्मामीटर घरात असावा. पाऱ्याचा नको, तो फुटला तर काच आणि पारा दोन्हींचा धोका. काख कोरडी पुसून टोक काखेच्या मध्यभागी, खोल धरा, बाळाचा हात अंगाशी दाबून ठेवा आणि ‘बीप’ वाजेपर्यंत सोडू नका. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं तापमान. आपल्याकडचे बरेच थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतात, त्यावर हेच ९७.७ ते ९९.५ दिसेल. आंघोळ झाल्या झाल्या किंवा दुपट्यातून काढल्या काढल्या मोजू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. रोज मोजायचं वेड लावून घ्यायचं कारण नाही. हाताला काही वेगळं लागलं, बाळ सुस्त वाटलं, तेव्हा मोजा.

खोली कशी असावी

इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा ‘बाळाची खोली १६ ते २० अंश’ असं वाचायला मिळतं. हा सल्ला ब्रिटनचा आहे, तिथल्या हवेचा, तिथल्या हीटरवर चालणाऱ्या घरांचा आणि तिथल्या जाड झोपपिशव्यांचा. नाशिकच्या किंवा ठाण्याच्या घरात पातळ झबल्यात झोपलेल्या बाळासाठी एसी लावून खोली १८ वर नेली, तर ते बाळ गारठेल. आपल्याकडे दिवस भरलेल्या, धडधाकट बाळासाठी साधारण २४ ते २७ अंशांची खोली सोयीची पडते. पहिल्या आठवड्यात आणि कमी वजनाच्या बाळासाठी २५ ते २८. जन्माच्या वेळची खोलीसुद्धा किमान २५ अंश असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंडनला किंवा न्यू जर्सीला मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आजींनी मात्र तिथला आकडा पाळावा. तिथे घर रात्रभर हीटरने गरम असतं, त्यात आपली कुंची आणि लोकरी स्वेटर भर घालतात.

भिंतीवर टांगायचा तापमापक फार महाग नसतो, पाळण्याच्या उंचीवर लावा. मोबाइलवर दिसणारं तापमान गावाचं असतं, तुमच्या खोलीचं नव्हे. पश्चिमेकडे भिंत असलेली खोली संध्याकाळी सहानंतरही तापलेलीच असते, आणि पत्र्याच्या छताखाली दुपारी अंगणापेक्षा जास्त गरम होतं. बाळाची जागा ठरवताना तापणाऱ्या भिंतीपासून, खिडकीतल्या उन्हापासून आणि एसीच्या किंवा कूलरच्या सरळ झोतापासून लांब ठरवा. थंडीत बाहेरच्या भिंतीला लागून पाळणा ठेवू नका, ती भिंत रात्रभर ऊब ओढत राहते.

कपड्यांचे थर

सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा: तुम्हाला त्या खोलीत जेवढ्या कपड्यांत बरं वाटतं, त्यापेक्षा बाळाला एक पातळ थर जास्त. नियम चांगला आहे, पण तो गार हवेसाठी आहे. एप्रिल-मेमध्ये तुम्ही स्वतः पातळ सुती गाऊनमध्ये घामाघूम असाल तर बाळाला तुमच्याएवढंच किंवा कमीच हवं.

खोली ३० अंशांच्या वर असेल तर लंगोट आणि बिनबाह्यांचं मलमलीचं झबलं, पांघरूण काही नाही. फार उकाडा असेल तर नुसता लंगोटही चालतो. २६ ते २९ मध्ये पातळ सुती झबलं आणि वाटलं तर पायांवरून पोटापर्यंत मलमलीचा एक पदर. २२ ते २५ मध्ये पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, पाय झाकणारी विजार आणि पातळ झोपपिशवी. २० च्या खाली आत सुती, त्यावर एक ऊबदार कपडा, पायमोजे आणि जाड झोपपिशवी. लोकर सरळ त्वचेला लावू नका, टोचते आणि घामोळं उठतं. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ बरे, त्यातला एक काढता येतो. आणि आकडे काहीही म्हणोत, मानेला लावलेल्या हाताचं ऐका.

झोपपिशवी म्हणजे बाह्या नसलेला, खालून बंद असलेला, अंगात घालायचा पांघरूण-कपडा. सुटं पांघरूण तोंडावर सरकतं, ही सरकत नाही. दुकानातल्या पिशव्यांवर ‘टॉग’ असा आकडा असतो, तो ती किती ऊब धरते ते सांगतो. आपल्या बहुतेक घरांना ०.५ किंवा १ टॉग पुरते. २.५ टॉगची पिशवी निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत, नाहीतर परदेशातल्या घरात. पैसे घालायचे नसतील तर आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्या आणि गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्या. गळा आणि बाह्यांच्या कडा अशा मापाच्या हव्यात की बाळाचं डोकं आत सरकणार नाही. टोपी जोडलेली नको, गळ्याशी नाडी नको. खालचा भाग इतका सैल हवा की आत पाय दुमडता येतील. वजन घातलेल्या पिशव्या आणि दुपटी अलीकडे विकायला आली आहेत, बाळ शांत झोपतं म्हणून जाहिरात करतात. ती घेऊ नका, छातीवर दाब येतो.

पांघरूणच वापरायचं असेल तर बाळाची पाऊलं पाळण्याच्या पायथ्याला टेकतील असं झोपवा, पांघरूण पातळ घ्या, काखेच्या खाली राहू द्या आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. जमिनीवरच्या गादीवर किंवा मोठ्या पलंगावर हे खोचणं नीट जमत नाही, तिथे पिशवीच बरी.

टोपडं, कुंची आणि घरातली माणसं

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच वाद होतात.

जन्मानंतरच्या पहिल्या तासांत, लहान बाळाला पहिले काही दिवस, आणि थंडीत बाहेर नेताना टोपडं हवंच. आम्ही वॉर्डात स्वतः घालतो. पण बाळ घरी आलं, वजन वाढू लागलं आणि खोलीत गारठा नाही, तर झोपताना डोकं उघडं ठेवायचं. कुंची तर झोपेत मुळीच नको. ती पुढे सरकून नाकावर येते, आणि तिची गळ्याची नाडी वळत्या बाळाला फास होऊ शकते. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी यांचंही तेच. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचंच असेल तर जागेपणी हातात किंवा पायात बांधा आणि झोपवताना काढा.

सासूबाईंना किंवा आजींना हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. ‘आम्ही सगळ्या मुलांना असंच वाढवलं’ असं त्या म्हणतात आणि ते खरंही असतं. पण ती घरं वेगळी होती. उंच कौलारू छपराखाली, पहाटे तीन वाजता फटीतून वारा येणाऱ्या खोलीत घातलेली कुंची वेगळी आणि चौथ्या मजल्यावरच्या बंद स्लायडिंग खिडक्यांच्या खोलीतली वेगळी. मी वॉर्डात एकच करते. आजींचा हात धरून बाळाच्या मानेवर ठेवते. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट, बाळ ‘तापाने फणफणलंय’ म्हणून आणलं होतं. वरचं ब्लँकेट काढलं, खाली दुपटं, त्याखाली स्वेटर, त्याखाली झबलं, डोक्याला टोपडं आणि वर कुंची. डॉक्टर बघत होते तोवर मी एकेक कपडा उतरवत होते. केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर घामोळ्यांचा लाल पट्टा. बाळ उघडं करून आईने पाजलं, अर्ध्या तासाने मोजलं तर तापमान नेहमीचं. आजी काही बोलल्या नाहीत, पण नंतर त्यांनी स्वतःच टोपडं पिशवीत टाकलं. सगळेच ताप असे नसतात, ते पुढे येईलच. मात्र हाताला जाणवलेलं माणूस विसरत नाही, म्हणून वाद घालू नका, हात लावायला सांगा.

दुपट्यात बांधणं

बाळाला दुपट्यात गुंडाळून झोपवलं की ते दचकत नाही, शांत झोपतं. बांधायला हरकत नाही, पण कापड मलमलीचं, एकच थर आणि खांद्याच्या खाली. छातीपाशी तुमची दोन बोटं आत जायला हवीत. पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. ‘पाय वाकडे होतील’ म्हणून ते ताणले जातात, पण त्यानेच खुब्याचा सांधा निसटायचा धोका वाढतो. बेडकासारखे दुमडलेले पाय हीच बाळाची नैसर्गिक ठेवण. बांधलेलं बाळ फक्त पाठीवरच झोपवा. कुशीवर वळायचा पहिला प्रयत्न दिसला, साधारण ३ ते ४ महिन्यांत, की बांधणं कायमचं बंद करा. कडक उन्हाळ्यात तर आधीपासूनच नको.

उन्हाळा

विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि कोकण-मुंबईचा उन्हाळा यांना एकच उपाय चालत नाही.

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ गाठतो, पण हवा कोरडी. तिथे कूलर उत्तम काम करतो, अट एवढीच की तो खिडकीत बसवलेला असावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं असावं. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात खोली दमट आणि कोंदट होते. झोत बाळाच्या डोक्यावरून नाही, बाजूने जाईल असा ठेवा. पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी कोरडी पुसा, डेंग्यूचे डास त्यातच होतात. दुपारी बारा ते पाच खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले, सूर्य कलल्यावर सगळं उघडं. वीज गेली तर ओल्या सुती कापडाचा पडदा खिडकीला लावा, बाळाचं अंग कोमट ओल्या फडक्याने पुसा आणि घरातल्या सर्वात खालच्या, सावलीच्या खोलीत जा. बर्फाचं किंवा माठातलं गार पाणी अंगाला लावू नका.

मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे तापमान ३३-३४ असतं, पण हवा घामानेच भरलेली. तिथे कूलरने उलट त्रास वाढतो. पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि जमलं तर एसी. छताचा पंखा मध्यम वेगावर खुशाल लावा, पंख्याने बाळाला सर्दी होत नाही. बाळ जिथे झोपतं तिथे हात धरा. हवा हलल्याचं जाणवावं, पण झबलं फडफडू नये. मात्र खोलीतली हवाच अंगापेक्षा गरम झाली, तर पंखा ती गरम हवा बाळावर मारत राहतो. तेव्हा पंख्याचा वेग वाढवण्यापेक्षा खोली गार करण्याचा विचार करा.

एसीबद्दल फार भीती घातली जाते, ती सोडून द्या. नवे एसी चालू केल्यावर बहुधा २४ वर येतात, बाळासाठी २६ किंवा २७ करा. पात्यांची दिशा वर, जाळी पंधरा दिवसांनी धुतलेली, बाळाला पूर्ण बाह्यांचा पातळ कपडा. पहाटे चारच्या सुमारास बाहेरची हवा उतरते आणि तोच आकडा जास्त गार वाटू लागतो, त्या वेळच्या पाजण्याला मान आणि पाऊलं जरूर बघा. एसीच्या खोलीतून बाळाला एकदम उन्हात नेऊ नका, एसी बंद करून दार उघडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी चूक पांघरुणाची नसून पाण्याची असते. ६ महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नको, एक चमचासुद्धा नको, चंद्रपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं की बाळाचं पोट भरतं, ते दूध कमी पितं, आणि जुलाबाचा धोका येतो. पाणी आईने प्यायचं. बाळाला जास्त वेळा पाजायचं, ते थोडं थोडं पिईल. दिवसातून ६ किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर पाणी पुरतंय. जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, दूध अजून नीट उतरलेलं नसताना, उन्हाळ्यात काही बाळांना पाणी कमी पडल्याने ताप येतो. तो पाजल्याने आणि खोली गार केल्याने उतरतो, पण हाच तो ताप असं घरी बसून ठरवू नका. डॉक्टरांना दाखवाच.

घामोळ्यांवर पावडर थापू नका, ती घामात मिसळून रंध्रं बुजवते आणि बाळाच्या श्वासात जाते. कपडे कमी करा, अंग पुसून कोरडं ठेवा, घामोळं आपोआप जातं. आणि उन्हापासून आडोसा म्हणून बाबागाडीवर दुपटं अंथरू नका, आत हवा कोंडून काही मिनिटांत भट्टी होते. उभ्या गाडीत झोपलेलं बाळ एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात: कपडे वाळत नाहीत, आणि दमट लंगोट बाळाच्या अंगातली ऊब ओढून घेतो. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे झालेलेच घाला, रात्री लंगोट लवकर बदला.

थंडी, शेगडी आणि आंघोळ

थंडीत बाळ गार पडतं ते बहुतेक वेळा आंघोळीच्या वेळी. जन्मानंतर किमान २४ तास आंघोळ घालू नये, आणि कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं पुसावं. नंतरही थंडीत आंघोळ दुपारी घाला, मोरीचं दार लावून, पंखा बंद करून. मालिश आणि आंघोळ मिळून थोडक्यात आटपा. आंघोळ झाली की सगळ्यात आधी डोकं कोरडं करा, मग अंग, आणि ओला पंचा लगेच बाजूला टाका. ओल्या डोक्यावर टोपडं घालून गुंडाळून ठेवणं सर्वात वाईट.

आता शेगडी. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायची आणि ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून बाळाला धुरी द्यायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. यामागचं प्रेम मला कळतं, तरी मी स्पष्ट सांगते: बंद खोलीत निखारे ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो झोपेतच मारतो. धुरी बाळाच्या नाजूक फुप्फुसात जाते, खोकला आणि धाप लागते. रबरी गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची गादी बाळाजवळ ठेवणंही नको, तान्ह्याची कातडी आपल्याला सोसवेल इतक्या उष्णतेनेही भाजते. अंथरूण गरम करायचं असेल तर पिशवी आधी ठेवा आणि बाळ ठेवण्यापूर्वी काढून घ्या. खोलीत हीटर लावायचाच तर आत तेल भरलेला, विजेवर चालणारा लावा, पाळण्यापासून लांब, खिडकी बोटभर उघडी ठेवून, आणि खोली उबदार झाली की बंद करा.

शेगडीपेक्षा चांगली ऊब आईच्या अंगात आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू मातृसेवा. जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांना ती दिवसातून ८ ते २४ तास द्यायला सांगते. पद्धत सोपी: बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे. वरून सुती साडीने किंवा ओढणीने बांधायचं आणि आईने शाल घ्यायची. बाबा, मावशी, आजी कुणीही हे करू शकतं. फक्त धरणाऱ्याने जागं राहायचं, सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी लागू द्यायची नाही.

आपल्या राज्यातही या गोष्टी फार पूर्वी सिद्ध झाल्या आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब देणं, वजन करणं, ताप मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, आणि हे सगळं झोपडीतच. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बघतात, तो याच कामाचा पुढचा टप्पा. त्यांच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. त्या आल्या की काखेतलं तापमान कसं घ्यायचं ते त्यांच्यासमोर स्वतः करून बघा.

झोपायची जागा

पाठीवर, सपाट, जरा कडक गादीवर. मोहरीची उशी, लोड, तक्के, मऊ खेळणी पाळण्याबाहेर. डोकं गोल होण्यासाठी उशी लागत नाही, जागेपणी बाळाला थोडा वेळ पोटावर ठेवा. साडीच्या झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि कापड चहूबाजूंनी ऊब कोंडतं. दिवसा समोर बसून झोका द्यायला ठीक, रात्रभरासाठी नको. बाळ तुमच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर असावं. एकाच गादीवर झोपत असाल तर आईच्या अंगाची ऊब हाही एक थर धरा आणि बाळाचा एक कपडा कमी करा. आईच्या गोधडीत किंवा रगमध्ये बाळाला घेऊ नका.

दवाखाना कधी गाठायचा

३ महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं तर त्याच दिवशी, त्याच वेळी. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका. काखेत ३७.५ च्या वर आलं तर कपडे कमी करा, पाजा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरलं नाही तर डॉक्टरांना कळवा. ३६.५ च्या खाली असेल तर छातीशी घ्या, थर वाढवा, पाजा आणि तासाभरात पुन्हा बघा. ३६ च्या खाली असेल तर थांबू नका. आकडा काहीही असो, बाळ दूध ओढत नसेल, हाक मारून, पायाला टिचकी मारूनही जागं होत नसेल, श्वास धापेसारखा असेल, छाती आत ओढली जात असेल, आकडी आली असेल किंवा आठ तासांत लघवी झाली नसेल, तर निघा. जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ कधी तापतं, तर कधी उलट गार पडतं.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर ताप येतो, तेव्हाही बाळाला गुंडाळू नका, हलके कपडे ठेवा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, लस देणाऱ्या परिचारिकेकडून ती लिहून घ्या आणि ताप ३८ अंशांपर्यंत गेला किंवा बाळ मलूल दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८. गार पडलेलं बाळ नेताना उघड्या छातीशी, डोक्यावर टोपडं, वरून शाल, आणि वाटेत पीत असेल तर पाजत राहायचं. तापलेलं बाळ नेताना एकच पातळ झबलं, डोकं उघडं, खिडकीचा सरळ वारा नाही. शेवटचं दूध किती वाजता प्यायलं, लघवी कधी झाली आणि किती तापमान भरलं, हे निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. दारातून आत जाताच डॉक्टर तेच विचारतील.